सोळा हजार गोळे, एक विमान आणि सोलापूरचा हुरडा

शुक्रवार

जानेवारी सरत आला की मामीचा फोन येतो. "कणसं भरलीत. येणार का न्हाई ते सांग, म्हंजे आगटीची तयारी करायला सांगते." यंदा नाही म्हणायला तोंडच नव्हतं. पेपर तपासायचे गठ्ठे कपाटात कोंबले आणि संध्याकाळची हुतात्मा एक्स्प्रेस धरली. १२ जानेवारी १९३१ रोजी फाशी गेलेल्या मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा या सोलापूरच्या चौघांच्या आठवणीची ही गाडी. रोज जा-ये करणाऱ्यांना ती नुसती 'हुतात्मा'. "हुतात्मा लेट आहे का?" असं सहज विचारतात.

गाडीत मी पुढच्या आठवड्याच्या तासाची तयारी करत होते. मी संख्याशास्त्र शिकवते. एखाद्या गोष्टीचा उपयोग मोजायचा तर नेमकं काय मोजायचं, हा धडा मुलांना कंटाळवाणा वाटतो, म्हणून दर वर्षी नवं उदाहरण शोधावं लागतं. यंदाचं उदाहरण विमानवेधी तोफांचं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या नावाजलेल्या ८८ मिलिमीटर तोफेला एक विमान पाडायला सरासरी सोळा हजारांच्या आसपास गोळे लागले, असा आकडा नेहमी दिला जातो. त्यांच्या १२८ मिलिमीटरच्या मोठ्या तोफेला तीन हजारांच्या आसपास. आकडा ऐकला की माणूस हसतो. मला तो हसू नये असं वाटतं, पण का हसू नये हे सांगायला एक अख्खा तास लागतो.

साडेदहाला जेवायला बसलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. मामेभाऊ, म्हणजे आमचा दादा, एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो. त्याला सोळा हजारांचं सांगितलं मात्र, त्याचा घास हातातच राहिला.

"सोळा हजार? आन् त्यात एक विमान? असा माल मी काढला तर बँक शेडला कुलूप लावंल की."

मामा काही बोलले नाहीत. ते सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी हवाई संरक्षणात, एल-७० तोफेवर. तोफांच्या आवाजाने डावा कान जवळजवळ गेलाय, म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर उजव्या बाजूला बसावं लागतं. दादा डावीकडे बसला होता. मला वाटलं ऐकू गेलं नसेल. हात धुवायला उठताना ते म्हणाले, "राउंड मोजायला क्वार्टरमास्टर असतो. गनरनं वर बघायचं असतं."

शनिवार

सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन घेतलं. तळ्याला पाणी होतं, होम मैदानावर गड्ड्याच्या जत्रेचे पाळणे अजून उभे होते. दिवसा ते पाळणे फार केविलवाणे दिसतात. तिथून भुईकोटात गेले.

सोलापूरचा किल्ला डोंगरावर नाही, डोळ्यांच्या पातळीवर आहे. दुहेरी तट, खंदक, एका अंगाला तळं. निझामशाही आणि आदिलशाही या किल्ल्यावरून किती वर्षं भांडली! चांदबीबी अली आदिलशहाला दिली तेव्हा सोलापूर हुंड्यात गेलं आणि भांडण पुन्हा सुरू झालं. १८१८ मध्ये इंग्रज सेनानी मन्रोच्या फौजेने तो पेशव्यांच्या माणसांकडून घेतला. तटातल्या जंग्यांना डोळा लावून पाहिलं की या साऱ्या बांधकामाचा विचार कळतो. शत्रू जमिनीवरून येणार, अमुक वाटेने येणार, खंदकापाशी अडखळणार. तोफेचं तोंड कुठे हवं ते गवंड्याने बांधतानाच ठरवून टाकलंय.

विमानवेधी तोफेच्या नशिबी असलं काही नाही. तळ्याकाठी बसून मी साधा हिशोब मांडला. ताशी ३६० किलोमीटर वेगाचं बॉम्बफेकी विमान सेकंदाला शंभर मीटर जातं. सहा किलोमीटर उंचीवर गोळा पोचायला धरा वीस सेकंद. तेवढ्यात विमान दोन किलोमीटर पुढे गेलेलं असतं. किल्ल्यावर असलेलं विमान पाडायचं तर तोफ जवळपास रेल्वे स्टेशनावर रोखायची, आणि त्या वीस सेकंदांत वैमानिक वळणार नाही अशी प्रार्थना करायची. वर गोळ्यातला फ्यूज. त्या काळी घड्याळासारखा फ्यूज असे. इतक्या सेकंदांनी फूट, असं आधी लावून ठेवायचं. त्यात अर्ध्या सेकंदाची चूक झाली तर गोळा शंभर मीटरहून जास्त अलीकडे-पलीकडे फुटणार. दिशा, उंची, अंतर, वेग आणि वेळ, पाचही जमले तर विमानाच्या आसपास कपच्यांचा ढग. नेम बसणं ही गोष्टच नाही. विमान आणि ढग एका वेळी एका जागी आले पाहिजेत.

रात्री तर विमान दिसतही नाही. सप्टेंबर १९४०मध्ये लंडनवर रोज रात्री बॉम्ब पडू लागले, तेव्हा ब्रिटिशांचे एका विमानामागे वीस हजारांच्या घरात गोळे जात होते. विमानवेधी दलाचे प्रमुख जनरल फ्रेडरिक पाइल यांनी दोन दिवसांत इकडून तिकडून तोफा आणून लंडनभोवतीची संख्या दुपटीवर नेली आणि नेम लागो न लागो, वर मारा करा असा हुकूम सोडला. विमानं फारशी पडली नाहीत. उलट आपल्याच गोळ्यांचे तुकडे आपल्याच कौलांवर पडले. पण तळघरांत बसलेल्या लोकांच्या जिवात जीव आला, आणि जर्मन वैमानिक आणखी वरून उडू लागले. यातलं दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. लोकांना बरं वाटतं म्हणून तोफा डागणं मला पटत नाही. वर गेलेलं खाली येतंच. पर्ल हार्बरच्या दिवशी होनोलुलू शहरात जे नागरिक मेले त्यांतले बरेचसे अमेरिकेच्याच विमानवेधी गोळ्यांनी मेले, जपानी बॉम्बनी नव्हे.

दुपारी उन्हातच डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं स्मारक पाहिलं. त्यांचं राहतं घर आता महापालिकेने जपलंय. १९३८ साली काँग्रेसने चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांतले हे एक. जपानशी लढताना जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिकडेच गेले. वय ३२. सगळे फोटो डॉक्टरांचे आणि रुग्णांचे. माझं लक्ष मात्र आकाशाकडे. १९३९च्या सुरुवातीला ते येनानला पोचले, त्याआधीच जपानी विमानांनी ते शहर झोडपलं होतं. उलट मारा करण्याजोगं तिथे जवळपास काही नव्हतं. मग माणसांनी मातीच्या डोंगरात गुहा खणल्या आणि इस्पितळही गुहांतच चाललं. तोफ नसली की शहराला जमिनीखाली जावं लागतं, ते हे असं. जपानी विमानांना तिथे सावकाश, कमी उंचीवरून, हवं तिथे बॉम्ब टाकता येत. तोफांच्या उपयोगाची गोष्ट करायची तर ती येनानसारख्या जागेपासून करायला हवी. आपण मात्र पडलेल्या विमानांच्या सांगाड्यांपासून करतो.

दादाच्या शेडमध्ये तासभर गेला. अक्कलकोट रोडच्या त्या भागात पाऊल टाकलं की बोलणं थांबतं आणि खाणाखुणा सुरू होतात, एवढा मागांचा गोंगाट. टॉवेलच्या मागावर ताण्याचे दोन बीम असतात. एकाचा ताणा ताठ, दुसऱ्याचा सैल. सैल ताण्याची उचल होते तीच टॉवेलची लव. तिथल्या कामगार मावशी तेलुगूत काहीतरी बोलत तयार टॉवेल उलटसुलट करून बघत होत्या. त्यांचं बोट लवेवरून सरकायचं आणि एका जागी थांबायचं. मला तिथे काही दिसायचं नाही. त्या टॉवेल बाजूला फेकायच्या.

"हे बघ," दादा माझ्या कानाशी ओरडला, "वाया गेलेला माल दिसतो, मोजता येतो. तू म्हंतीस ते न घडलेलं मोज. न घडलेलं दिसतंय कुठं?"

आक्षेप अगदी बरोबर जागी होता. माझ्या वर्गात एवढा नेमका प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्या आवाजात मात्र उत्तर द्यायची सोय नव्हती.

संध्याकाळी गच्चीवर मामांच्या उजव्या बाजूला खुर्ची टाकली. घर होटगी रोडला, विमानतळापासून लांब नाही. वर्षानुवर्षं या विमानतळावर प्रवासी विमान उतरत नव्हतं, आणि त्या वादात साखर कारखान्याची चिमणी होती. ती चिमणी जून २०२३मध्ये पाडली. मामांचं म्हणणं, सोलापूरच्या आकाशातली सगळ्यात यशस्वी विमानविरोधी व्यवस्था ती हीच. एक राउंड नाही झाडला, एक विमान नाही पाडलं, पण वर्षानुवर्षं कुणी आलं नाही.

तेवढ्यात गोव्याचं छोटं पंख्याचं विमान उतरायला आलं. मामांचा उजवा हात खुर्चीच्या दांडीवरून आपोआप उठला. तर्जनी विमानावर नव्हती, विमानाच्या नाकापुढे चार बोटं रिकाम्या आकाशात होती, आणि विमान खाली येईल तशी ती त्याच चालीने सरकत गेली. विमान झाडांआड गेलं. हात खाली आला. त्यांना स्वतःला ते कळलंही नसावं.

मग एल-७०बद्दल बोलले. स्वीडनच्या बोफोर्सची ४० मिलिमीटरची तोफ, मिनिटाला तीनशेच्या आसपास राउंड, पल्ला साडेतीन-चार किलोमीटर. उंचावरच्या बॉम्बफेक्या विमानांसाठी ती नाहीच. पुलावर, तळावर, दारूगोळ्याच्या कोठारावर कमी उंचीवरून झडप घालणाऱ्यासाठी आहे. सोबत रडार आणि फायर कंट्रोल. त्यांच्या काळात 'सुपर फ्लेडरमाउस'. पुढे कुठे मारायचं तो हिशोब यंत्र करतं, तोफ मोटरवर आपोआप वळते. पण रडार बंद पडलं, जॅम झालं, जनरेटर गेला, तर डोळा आणि हातच उरतात. गोपाळपूरच्या समुद्रकाठी सराव असे. विमानामागे लांब दोरीला कापडी नळकांडं बांधून ओढत न्यायचे आणि यांनी त्यावर मारा करायचा.

"आन् नंतर त्या कापडाला भोकं किती पडली ते मोजायचे."

"मग मोजत होता की तुम्हीसुद्धा," दादा खालून जिन्यावरूनच ओरडला.

"ते सरावाला, रं!"

रविवार

भल्या पहाटे नळदुर्गला निघालो. हैदराबाद रस्त्याने ४५ किलोमीटर. रस्ता आता गुळगुळीत. दोन्ही बाजूंना ज्वारी, मध्येच द्राक्षबाग, पुन्हा ज्वारी.

हा रस्ता मला नेहमी १९४८चा वाटतो. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरींच्या हाताखालचे भारतीय रणगाडे निझामाच्या हैदराबाद संस्थानात शिरायला सोलापूरहून याच दिशेने निघाले. पुढे बोरी नदी आणि नळदुर्ग. निझामाच्या सैन्याने पूल उडवायच्या आत तो हाती आला आणि पहिल्याच दिवशी नळदुर्ग पडलं. पाचव्या दिवशी, १७ तारखेला निझामाने हात टेकले. मराठवाड्यात अजून त्या दिवशी झेंडावंदन होतं. शाळेत आम्हाला पोलीस अ‍ॅक्शनचं सगळं जमिनीवरचं शिकवलं. आकाशातलं कुणी सांगितलं नाही. निझामाकडे लढाऊ विमानदल नव्हतं. पुढे राजेश्वरकडे जाताना रस्त्यात दबा धरून बसलेल्या ठिकाणांवर भारताच्या टेम्पेस्ट विमानांनी हल्ले केले आणि रणगाड्यांची वाट मोकळी केली. दिवसाउजेडी, कमी उंचीवर येऊन मारा करून जायचं, आणि परतताना पाठीमागे कुणी लागणार नाही याची खात्री. निझामाला हत्यारांची टंचाई ठाऊक नव्हती असं नाही. सिडनी कॉटन नावाचा ऑस्ट्रेलियन वैमानिक त्या उन्हाळ्या-पावसाळ्यात कराचीहून मोठ्या लँकॅस्ट्रियन विमानांतून बीदर आणि वरंगळला शस्त्रं उतरवत होता. पण अशा चोरट्या फेऱ्यांनी आकाश झाकता येत नाही. त्याला तोफा, रडार, टेलिफोनच्या तारा, शिकलेली माणसं आणि वर विमानं, सगळं एकमेकांना जोडलेलं लागतं.

नळदुर्गात पाणीमहाल कोरडाच होता. तो पावसाळ्यात बघायचा. उपळी बुरुजावर मात्र चढलो. दादा दमला, मामा नाही. वर दोन लांबलचक तोफा पडल्यात, त्यातली एक मगर तोफ, तिच्या तोंडाशी मगरीचा जबडा. मामांनी तिच्या अंगावरून हात फिरवला, तळाकडून तोंडाकडे वाकून पाहिलं.

"ही वर करायची कशी?"

"वर कशाला करतील? वर होतं कोण?" दादा.

या बुरुजावरून चहूकडे मुलूख दिसतो. किल्ल्यातली सर्वांत उंच जागा. हीच जागा विमानाला लांबून पहिली दिसेल, असं मामांचं मत पडलं. त्यांनी तोफा मांडायला पलीकडचं एक शेत दाखवलं, लिंबाच्या झाडांमागचं. विमानवेधी तोफ मोक्याच्या जागेवर बसवत नाहीत, विमान ज्या वाटेने येईल त्या वाटेवर बसवतात, हे मला माहीत नव्हतं.

परतताना गाडीत त्यांनी व्हिएतनामचा विषय काढला. अमेरिकेची तिथे सर्वाधिक विमानं क्षेपणास्त्रांनी नव्हे, तोफा आणि बंदुकांनी पाडली. क्षेपणास्त्र चुकवायला वैमानिक खाली यायचा आणि खाली तोफा बसलेल्या. १९७३च्या युद्धात इजिप्त आणि सीरियाने हेच केलं. वरच्या आकाशात रशियन क्षेपणास्त्रं, खालच्या आकाशात चार नळ्यांची शिल्का तोफ. सुरुवातीच्या दिवसांत इस्रायलची विमानं मोठ्या संख्येने गेली. यातलं एक विमान क्षेपणास्त्राच्या खात्यात धरायचं की तोफेच्या? हाकलणारा एक आणि पाडणारा दुसरा. हिशोबाची वही तिथेच फाटते.

दुपारी शेतावर पोचलो. हुरड्याची आगटी पेटली होती. कणसं राखेत भाजून गरम गरम हातावर चोळायची, फुंकर मारून कोंडा उडवायचा आणि मऊ दाणे शेंगाचटणी, गूळ, दह्याबरोबर तोंडात टाकायचे. बोलणं आपसूक थांबतं. पलीकडच्या पट्ट्यात ज्वारी अजून उभी होती आणि मधोमध माळ्यावर एक म्हातारेबुवा गोफण घेऊन उभे होते. दोरीची घरघर, मग एक चटका, खडा सुटतो आणि थवाच्या थवा उठून शेजारच्या रानात जातो.

मामांनी त्यांना हुरडा नेऊन दिला आणि मुद्दाम मोठ्याने विचारलं, "बापू, सकाळपासनं किती पाखरं पाडली?"

बापूंना प्रश्नच कळला नाही. "पाडायची कशाला ओ? कणसावर बसू न्हाई दिली म्हंजे झालं."

दादा माझ्याकडे वळला. "ठरवून आणलंय काय गं ह्यांना?"

ठरवलेलं नव्हतं, पण संधी आयती आली होती. मग आगटीपाशी बसून त्याला मालवाहू जहाजांचं सांगितलं. दुसऱ्या महायुद्धात भूमध्य समुद्रातल्या ब्रिटिश व्यापारी जहाजांवर विमानवेधी तोफा आणि त्या चालवणारी माणसं चढवली. काही महिन्यांनी कुणीतरी हिशोब काढला, तर हल्ला करणाऱ्या विमानांपैकी जेमतेम ४ टक्के पडत होती. तोफा महाग, माणसं महाग, दुसरीकडे दोन्हींची ओरड. काढून घ्या तोफा, असा विचार सुरू झाला. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की तोफ जहाजावर बसवली ती विमान पाडायला नव्हे, जहाज वाचवायला. तेव्हा जहाजं मोजली. ज्या जहाजांनी तोफा चालवल्या त्यांच्यावर टाकलेल्या बॉम्बपैकी ८ टक्के लागले आणि हल्ला झालेल्यांतली १० टक्के जहाजं बुडाली. ज्यांनी चालवल्या नाहीत त्यांच्यावर १३ टक्के बॉम्ब लागले आणि २५ टक्के जहाजं बुडाली. विमान तेच, वैमानिक तेच. पण समोरून गोळ्यांच्या लाल रेषा येताना दिसल्या की माणूस बॉम्ब थोडा आधी सोडतो, थोडा वरून सोडतो, हात थोडा थरथरतो.

दादाने कोंडा फुंकून टाकला. "म्हंजे न घडलेलं मोजलं."

"मोजलं. तोफ नसलेली जहाजं होती म्हणून मोजता आलं."

"आन् समद्या जहाजांवर तोफा असत्या तर?"

तर जमलं नसतं. तो इतकं पटकन तिथे पोचला याचा मला आनंद झाला आणि थोडा मत्सरही वाटला.

ब्रिटनमध्ये हे असले हिशोब करणारे मोठे नाव पॅट्रिक ब्लॅकेट. पुढे त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. विमानवेधी दलात त्यांनी शास्त्रज्ञांची छोटी टोळी जमवली. त्यात भौतिकवाले होते तसे शरीरशास्त्रवालेही होते, आणि लोक त्यांना 'ब्लॅकेटची सर्कस' म्हणत. नवी रडारं आली होती, पण त्यांचा आकडा तोफेपर्यंत नीट पोचत नव्हता. तो पोचवायची रीत त्यांनी बसवली. एका विमानामागचे वीस हजार गोळे पुढच्या वर्षी चारेक हजारांवर आले. याच कामात एक गंमत सापडली. किनाऱ्यावरच्या तोफा आतल्या तोफांपेक्षा दुप्पट चांगला नेम मारतात असं कागदावर दिसत होतं. रडारला समुद्र मानवतो का, असले तर्क झाले. कारण साधं निघालं. जमिनीवर पाडल्याचा दावा केला की सांगाडा दाखवावा लागतो. समुद्रात पाडलेल्याचा सांगाडा कोण आणणार?

मामा मोठ्याने हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. गोपाळपूरला समुद्रावर मारलेल्या किती राउंडांच्या बढाया त्यांना आठवल्या असतील ते तेच जाणोत.

एकदा मात्र तोफांनी नुसती राखण केली नाही, खरोखर पाडून दाखवलं, आणि ते सांगितल्याशिवाय मामांवर अन्याय होईल. १९४४च्या उन्हाळ्यात जर्मनांनी लंडनवर व्ही-१ सोडायला सुरुवात केली. वैमानिक नसलेलं, पंख असलेलं, सरळ रेषेत एका वेगाने येणारं अस्त्र. तेव्हाच तीन गोष्टी एकत्र आल्या. स्वतः लक्ष्याचा पाठलाग करणारं एससीआर-५८४ रडार, पुढची जागा काढणारं एम-९ गणकयंत्र, आणि गोळ्याच्या टोकात बसवलेला छोटा रेडिओ फ्यूज, जो लक्ष्याच्या जवळ येताच आपण होऊन फुटतो. अर्ध्या सेकंदाच्या चुकीचा प्रश्नच मिटला. जुलैत सगळ्या तोफा उचलून दक्षिण किनाऱ्यावर नेल्या. पहिल्या आठवड्यात त्या पट्ट्यात शिरलेल्या व्ही-१ पैकी १७ टक्के तोफांनी पाडल्या. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ७४ टक्के. यात एक मेख आहे. व्ही-१ घाबरत नाही. तिला हाकलता येत नाही, तेव्हा पाडणं एवढं एकच माप उरतं.

"ड्रोनबी घाबरत न्हाई," मामा म्हणाले.

मे २०२५मधल्या त्या रात्री ते टीव्हीपुढून हलले नव्हते, असं मामीने मागेच सांगितलं होतं. ८ आणि ९ मेच्या रात्री ३६ ठिकाणी ३०० ते ४०० पाकिस्तानी ड्रोन आले, असं सरकारने जाहीर केलं. ते पाडायला ज्या तोफा वापरल्या त्यांत शिल्का होती, झेडयू-२३ होती आणि मामांची एल-७०. नवं रडार, रात्री बघणारे कॅमेरे बसवलेली, पण नळी तीच ४० मिलिमीटरची. युक्रेनमध्येही तसंच झालं. जर्मनांनी मोडीत काढलेली गेपार्ड ही जोडनळीची ३५ मिलिमीटरची तोफ शाहेद ड्रोनवर सर्वांत कामाची ठरली. स्वस्त ड्रोनवर कोटींचं क्षेपणास्त्र सोडणं परवडत नाही, हे दादाला सांगावं लागलं नाही.

"पण मग तो ड्रोन पाठवतोय ते बॉम्ब टाकायला का आपले राउंड संपवायला?" त्याने विचारलं.

सरकारी निवेदनातही म्हटलं होतं की हवाई संरक्षण चाचपून बघायला हे ड्रोन आले असावेत. मामांनी काडीने राखेत एक तोफ काढली, तिच्याभोवती आणखी तीन. एकीने फायर केलं की चमक दिसते, रडार चालू केलं की ते शत्रूच्या यंत्रावर दिसतं. म्हणून कुणी कधी गप्प बसायचं हे वरून ठरतं. त्यांच्या नोकरीतलं सगळ्यात अवघड काम, विमान पल्ल्यात असताना हुकूम नाही म्हणून न मारणं. तिथे राउंड शून्य, विमान शून्य. कामगिरी चोख. हे कुठल्या रकान्यात भरायचं ते मला अजून सुचलेलं नाही.

रात्री मामीने शेंगापोळ्या केल्या. त्यावर तूप किती असावं यावरून झालेली चर्चा तोफांपेक्षा लांबली.

सोमवार

सकाळची हुतात्मा साडेसहाच्या सुमाराला सुटते, म्हणून साडेपाचलाच उठावं लागलं. बॅगेत एक चादर, दादाचे टॉवेल आणि चटणीचा स्टीलचा डबा.

कुर्डुवाडीच्या आधीच दादाचा मेसेज. "जहाजांचा हिशोब पटला. जर्मनांचा न्हाई पटला. सोळा हजार ते सोळा हजारच."

बरोबर धरलं होतं त्याने. जहाजावर एक-दोन तोफा आणि मूठभर माणसं. जर्मनीत १९४४ साली विमानवेधी दलात दहा लाखांहून जास्त माणसं गुंतली होती, त्यांत शाळेतून उचललेली पंधरा-सोळा वर्षांची पोरंही होती. ८८ मिलिमीटरची तीच तोफ आघाडीवर रणगाडे फोडायला उत्तम चालत होती, आणि हजारोंच्या संख्येने ती शहरांभोवती आकाशाकडे तोंड करून उभी. बदल्यात काय मिळालं? अमेरिकन विमानं सात-आठ किलोमीटर उंचीवरून बॉम्ब टाकत राहिली, त्यामुळे बरेच बॉम्ब कारखाना सोडून शेतात पडले. गोळ्यांच्या कपच्यांनी एखादं इंजिन गेलं की विमान थव्यातून मागे पडायचं आणि मग लढाऊ विमानं त्याला गाठायची. ती नोंद लढाऊ विमानांच्या नावावर जायची. हा फायदा खरा आहे. पण जुलै १९४३मध्ये हॅम्बुर्गवर ब्रिटिशांनी पातळ धातूच्या पट्ट्यांचा पाऊस पाडला, रडारं आंधळी झाली, तोफा अंदाजाने वर मारत राहिल्या आणि शहर जळून गेलं. जहाज वाचलं तसं शहर वाचलं नाही. माझ्या मते जर्मनांना तोफांनी वेळ मिळवून दिला, आणि त्या वेळेची किंमत त्यांनी दुसऱ्या आघाड्यांवर मोजली.

एवढं सगळं दोन मेसेजमध्ये लिहिलं. दौंड जवळ आलं तरी निळ्या खुणा उमटेनात. माग चालू असताना त्याला फोन वाजलेला कळत नाही. शेवटी उत्तर आलं.

"वेळेला किंमत हाय, मान्य. बाबा म्हंतेत पुढच्या वेळी गोपाळपूरला जाऊ, समदे. चटणीचा डबा आडवा ठेवू नको, तेल सुटतंय."

डबा आडवाच होता.